साक्षांकित नेपोलियन

नेपोलियन आमच्या घरात शिरला तो प्रेशर कुकरच्या शिट्टीच्या वाटेनं.

त्याचं असं झालं. आमचा कुकर हिच्या माहेरचा. म्हणजे हिच्या लग्नात आलेला नव्हे, हिच्या आईच्या लग्नात आलेला. त्यामुळे त्याला नावं ठेवायची सोय नाही. त्याची शिट्टी हरवली (ती मी हरवली असा घरात ठराव झालेला आहे), आणि तशा बनावटीची शिट्टी दुकानात मिळेनाशी होऊन जमाना झाला. तेव्हा "जुन्या बाजारात बघा, तिथं सगळं मिळतं" असा हुकूम सुटला आणि एका रविवारी सकाळी पिशवी घेऊन मी निघालो.

जुन्या बाजारात सगळं मिळतं हे खरं, फक्त आपल्याला हवं असेल ते सोडून. कंदिलाच्या काचा होत्या, ग्रामोफोनचा कर्णा होता, कुणातरी वकिलाच्या दारावरची पितळी पाटी होती, एकाच पायाचे सहा बूट होते. शिट्टी नव्हती. परत फिरणार तोच एका ताडपत्रीवर, कुलपांच्या ढिगात, एक तपकिरी रंगाची गोल वस्तू दिसली. उचलली. वीस वर्षं कॅशच्या खिडकीत बसलेल्या माणसाच्या बोटांना वजन आधी कळतं, अक्षर मागाहून. चांगली चार सेंटिमीटर रुंद, जाडजूड. एका बाजूला एका गृहस्थाचं तोंड, डोक्याला पानांची माळ, नाक सरळ, हनुवटी पुढं, आणि चेहऱ्यावर आमचे झोनल मॅनेजर शाखेत पाऊल टाकतात तेव्हा असतो तो भाव, की मी आलोय त्या अर्थी इथं काहीतरी चुकलेलं असणारच.

उलट्या बाजूला प्राचीन काळचा वाटावा असा एक शिपाईगडी मागं बघत चालता झालेला, आणि त्याच्या पाठीमागून एक इसम गाल फुगवून जोरजोरानं फुंकतोय. खाली रोमन आकडे आणि परक्या भाषेतले शब्द. त्यातला 'नोव्हेंबर' तेवढा माझ्या ओळखीचा निघाला.

"नेपोलियन है साब," ताडपत्रीवाला म्हणाला. "असली. उसका खुद का."

'खुद का' म्हणजे काय, बादशहा हे गळ्यात घालून हिंडत होते की काय, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तोपर्यंत बोटांनी निकाल दिलेला होता. दोन हजारांवरून अकराशेवर सौदा तुटला आणि मी नेपोलियनला पिशवीत घालून घरी आणलं.

"शिट्टी?" हिनं दारातच विचारलं.

मी निमूटपणे पदक तिच्या हातात ठेवलं. तिनं ते उलटंपालटं करून पाहिलं. मग त्या फुंकणाऱ्याच्या तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "आता ह्यालाच सांगा वाजवायला."

मी कॉमर्सचा पदवीधर. आमचा इतिहासाशी असलेला संबंध दहावीच्या पेपराबरोबर सुटला. त्यात एक प्रश्न हमखास असे: 'नेपोलियनच्या ऱ्हासाची कारणे लिहा.' गुण पाच, कारणं पाच, दर कारणी एक गुण असा रोखठोक व्यवहार. त्यातलं 'रशियातील कडाक्याची थंडी' हे कारण मला अजून तोंडपाठ आहे, कारण बाकीची चार आठवली नाहीत तर तेच थोडं लांबवून लिहायचं असा शिरस्ता होता. वाचनालयातला फ्रेंच शब्दकोश आणून मी पदकावरची अक्षरं लावली. 'सैन्याची माघार, नोव्हेंबर १८१२.' आणि तो फुंकणारा इसम म्हणजे उत्तरेचा वारा!

मी सर्दच झालो. परीक्षेत मी जे उत्तर लिहीत होतो, त्याची छापील प्रत माझ्या हातात होती, आणि ती खुद्द बादशहांच्या कचेरीतून निघालेली होती. उगीच नाही मास्तर गुण द्यायचे.

पण मग थोडं वाचल्यावर लक्षात आलं की प्रकरण एवढं सरळ नाही. नेपोलियन १८१२ च्या जूनमध्ये रशियात शिरला. १४ सप्टेंबरला मॉस्कोत पोहोचला. तोपर्यंत त्याच्या मुख्य फौजेतला निम्म्याहून अधिक भाग गळून गेलेला होता. तोही ऐन उन्हाळ्यात. उपासमार, टायफस, वैरणीविना मेलेली घोडी, वाटेतल्या लढाया आणि कंटाळून पळून गेलेले लोक, असा सगळा तो हिशेब. थंडी पडली ती नंतर. तिनं उरलेल्यांचे हाल केले हे खरं, पण आधीच्या खड्ड्याला ती जबाबदार नव्हती. तरी डिसेंबरात पॅरिसला जे सरकारी पत्रक छापून आलं त्यात सगळा दोष हवामानाच्या नावे खर्ची टाकलेला होता, आणि अखेरीस बादशहांची प्रकृती आजवर इतकी उत्तम कधीच नव्हती असा दिलासा होता. पदक ह्या पत्रकाचंच ब्राँझमधलं भाषांतर. शिपाई शूर, सेनापती थोर, वारा तेवढा वाईट. शाखेत कॅश कमी भरली की 'लाईट गेली होती' म्हणतात, त्यातलाच प्रकार. आणि नोव्हेंबर महिना तसाही जडच. २०१६ साली ८ नोव्हेंबरच्या रात्रीपासून आम्ही खिडकीत बसून जे अनुभवलं त्यानंतर त्या शिपायाच्या चालण्याकडे मी जरा आपुलकीनं बघू लागलो आहे.

इथून मला हा नाद लागला. ही पदकं पाडण्याचं एक स्वतंत्र खातंच होतं. कल्पना मूळ नेपोलियनची नव्हे. त्याच्या आधी शंभर-सव्वाशे वर्षं चौदाव्या लुईनं आपल्या कारकिर्दीतल्या ठळक घटनांची एक पदकमालिका केली होती आणि त्यासाठी पंडितांची एक मंडळीच नेमली होती. कुठल्या विजयाला कुठली देवता, आणि खाली लॅटिनमध्ये काय लिहायचं, ह्यावर ते विद्वान तास न् तास डोकं चालवत. धातूवरचा इतिहास! कागद वाळवी खाते, भिंती पडतात, पण ब्राँझ जमिनीत पुरलं तरी दोन हजार वर्षांनी तोंड वर काढतं. रोमन बादशहांची नाणी अशीच निघत होती की. नेपोलियनलाही वाटलं, आपलंही असं काहीतरी निघावं.

त्याला माणूसही बरोबर सापडला. व्हिव्हाँ देनों. हे गृहस्थ राजेशाहीत वकिलातीत होते, क्रांतीतून डोकं शाबूत ठेवून बाहेर पडले, आणि १७९८ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, नेपोलियनबरोबर इजिप्तला गेले. तिथं फौज पुढं निघायच्या घाईत असायची आणि हे घोड्यावर बसून देवळांची चित्रं काढत असायचे. परत आल्यावर त्यांचं प्रवासवर्णन तुफान खपलं. नेपोलियननं १८०२ मध्ये त्यांना लूव्रच्या संग्रहालयाचे प्रमुख केलं आणि पुढच्या वर्षी पदकांची टांकसाळही त्यांच्याच हाताखाली दिली. चित्र कुठलं, कोरणारा कोण, मजकूर काय, सगळं देनोंच्या नजरेखालून जाई. बहुतेक पदकांवर अगदी खाली, बारीक अक्षरात, कोरणाऱ्याच्या नावाजवळ देनोंचं नाव असतं. व्हाउचरच्या कोपऱ्यात 'तपासले' म्हणून आमच्या साहेबांची कोंबडीच्या पायासारखी सही असते, ती मला दर वेळी आठवते.

पदक पाडणं म्हणजे नाणं पाडणं नव्हे, हेही मला ह्या निमित्तानं कळलं. नाण्याला एक ठोका पुरतो, कारण त्याच्यावरचं चित्र चपटं असतं. पदकावरचं चित्र उठावाचं. एका ठोक्यात धातू ठशाच्या खोलगट जागी पुरता शिरत नाही. म्हणून एकदा दाबायचं, धातू कडक झाला की तापवून मऊ करायचा, पुन्हा दाबायचा, पुन्हा तापवायचा. असं चार-सहा वेळा केल्यावर बादशहांचं नाक नीट वर येई.

आमच्या धंद्याच्या दृष्टीनं ह्या माणसानं एक पुण्यकर्म केलेलं आहे. फ्रान्सची मोठी बँक, बाँक द फ्राँस, ही त्याच्याच काळातली, जानेवारी १८०० मधली. तिच्या नावानं चांदीचा एक अष्टकोनी बिल्ला काढला होता. त्याच्यावर बुद्धीची देवी मिनर्व्हा आणि भाग्याची देवता अशा दोघी, आणि भोवती मजकूर असा की शहाणपण भाग्याला एका जागी बसवतं. म्हणजे लक्ष्मी चंचल हे त्यांनाही ठाऊक होतं! फक्त आपण तिला स्थिर करायला वहीपूजन करतो, त्यांनी बँक काढली. आमच्या शाखेतल्या थकबाकीदारांच्या यादीकडे पाहता वहीपूजनच बरं असं माझं मत आहे, पण ते मी वरिष्ठांना कळवलेलं नाही.

नाण्यांची गंमत तर त्याहून वरची. १८०४ मध्ये हा बादशहा झाला. पण पुढची काही वर्षं फ्रान्सच्या नाण्यावर छाप्याला 'नेपोलियन बादशहा' आणि काट्याला 'फ्रेंच प्रजासत्ताक' असं दोन्ही राहिलं. १८०९ पासून काट्यालाही 'साम्राज्य' आलं. तोवर ज्याला जी बाजू आवडेल ती त्यानं वर ठेवावी. राज्याभिषेकाच्या वेळी, डिसेंबर १८०४ मध्ये, कोटाच्या बटणाएवढी इवलीइवली पदकं लोकांत उधळली होती, आपण अक्षता टाकतो तशी. त्याच्यावर दोघांनी ढालीवर उचलून धरलेला नेपोलियन आणि शब्द 'सीनेट आणि जनता'. जनतेला ते पदक झेलता झेलता आपण कुणाला उचलून धरलंय हे वाचायलाही सवड मिळाली नसेल.

पण देनोंच्या खात्यातलं सगळ्यात नामी प्रकरण म्हणजे लंडनचं पदक.

१८०३ पासून नेपोलियन इंग्लंडच्या समोरच्या किनाऱ्यावर, बूलोनला, फौज घेऊन बसलेला होता. होड्या बांधून तयार होत्या. खाडी ओलांडायची तेवढी राहिली होती. देनोंच्या खात्यानं म्हटलं, ऐन वेळी धावपळ नको. त्यांनी पदकाचा ठसा तयार करून ठेवला. एका बाजूला बादशहा. दुसऱ्या बाजूला हर्क्युलिस, आणि त्यानं एका अर्ध्या माणसाला, अर्ध्या माशाला उचलून असा आवळलाय की बिचाऱ्याची शेपटी लटपटतेय. तो मासा म्हणजे इंग्लंड. मजकूर: 'इंग्लंडवर स्वारी.' आणि खाली: 'लंडन येथे पाडले, १८०४.'

आता लंडनमध्ये पदक पाडायचं तर आधी लंडन पडायला हवं. ते काही पडेना. ऑगस्ट १८०५ मध्ये नेपोलियननं बूलोनचा तळ मोडला आणि फौज ऑस्ट्रियाकडे वळवली. ऑक्टोबरात ट्रफाल्गारला इंग्रजांनी त्याचं आरमार बुडवलं आणि विषयच संपला. ठसा पॅरिसमध्येच पडून राहिला. पदक रीतसर निघालंच नाही. जे थोडे नमुने उरलेत त्यांच्यासाठी संग्राहक जीव टाकतात, आणि नकलाही पुष्कळ झाल्या.

मी लोकांचे पुढच्या तारखेचे चेक रोज बघतो. त्या तारखेला खात्यात पैसे असतील अशी चेक लिहिणाऱ्याची खरोखर श्रद्धा असते. तो लबाड नसतो. फक्त त्याचा तारखेवर विश्वास जास्त असतो. असा चेक मी परत करतो तेव्हा माणूस जसा माझ्याकडे बघतो, तसाच देनों त्या ठशाकडे बघत असेल असं मला वाटतं. तरी खोड गेली नाहीच. १८१२ मध्ये 'फ्रेंच गरुड व्होल्गेवर' असं पदक निघालं. फौज व्होल्गेपर्यंत पोहोचलीच नव्हती! त्याआधी १८०७ मध्ये टिल्सिटच्या तहाचं पदक झालं होतं. त्यात नेपोलियन, रशियाचा झार आणि प्रशियाचा राजा, तिघांचे चेहरे एकामागं एक, जॉइंट अकाउंटच्या फॉर्मवरच्या फोटोंसारखे. उलट्या बाजूला नेमान नदीचा देव, कारण तहाच्या भेटीगाठी त्या नदीत तराफा उभारून झाल्या. पाच वर्षांनी नेपोलियननं रशियावर चाल केली ती हीच नेमान ओलांडून. मुदत ठेव मुदतीआधी मोडली की व्याज बुडतं, हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

इंग्रजांना हसायचं कारण नाही. त्यांची तऱ्हा उलटी. वॉटर्लू जिंकल्यावर त्यांनी शिपायांसाठी चांदीचं पदक काढलं ते मात्र वेळेवर, १८१६ मध्ये, आणि जनरलपासून साध्या शिपायापर्यंत सगळ्यांना एकच. प्रत्येकाच्या पदकाच्या कडेवर त्याचं त्याचं नाव ठोकलेलं. हे मला फार आवडलं. पण राजेलोकांना नि सेनापतींना द्यायचं एक खास भव्य पदक १८१९ मध्ये पिस्त्रुची नावाच्या इटालियन कारागिराकडे सोपवलं. आपल्याकडे लग्नाकार्यात जपून ठेवलेल्या गिनीवर घोडेस्वार अजगराला मारतो ना, ते चित्र ह्याचंच. पिस्त्रुचीनं काम सुरू केलं आणि ठसे आणून दिले ते १८४९ मध्ये. तीस वर्षांनी! तोवर ज्यांना पदक द्यायचं ते सगळे राजे मरून गेले होते. उरले होते एकटे वेलिंग्टन, १८०३ मध्ये आपल्या असईला मराठ्यांशी लढून गेलेले तेच. शिवाय पदक बशीएवढं थोरलं. एवढा ठसा कडक करायला तापवला तर तडकेल, म्हणून कुणी हात लावीना. तेही पाडलं गेलं नाही. एकानं घटनेच्या आधी पदक तयार ठेवलं, दुसऱ्यानं घटनेनंतर तीस वर्षांनी दिलं, आणि टांकसाळीच्या वहीत दोघांची बाकी शून्य.

एवढं ज्ञान झाल्यावर ते कुणाला तरी ऐकवल्याशिवाय माणसाला राहवत नाही. घरी ऐकवण्याची सोय नव्हती. म्हणून मी पदक घेऊन आमच्या निवृत्त हेड कॅशियरांकडे गेलो. नोटा मोजायला मला त्यांनीच शिकवलं. शिवराईपासून पुढं सगळी नाणी त्यांच्याकडे आहेत. त्यांनी माझं व्याख्यान डोळे मिटून ऐकलं, पदक हातात घेतलं, आणि चेहरा न बघता, शिपाई न बघता, ते आडवं धरून कडेवर भिंग लावलं.

"कड बघितलीस?"

"कड?"

"अरे, नाण्याला दोन बाजू असतात हे लोकांना सांगायला. खिडकीत बसणाऱ्याला तीन बाजू बघाव्या लागतात." त्यांनी भिंग माझ्याकडे दिलं.

कडेवर मुंगीएवढ्या अक्षरात 'ब्राँझ' असा शब्द होता, आणि त्याच्या शेजारी एक बारीकसं शिंग. ग्रीक पुराणातलं ते फळाफुलांनी भरलेलं समृद्धीचं शिंग. माझं समाधान करायला ते तिथं कोरलेलं नव्हतं.

त्याचं गणित असं आहे. पॅरिसच्या टांकसाळीनं जुने ठसे फेकून दिले नाहीत. मागणी येईल तशी त्याच ठशांवरून पदकं पाडत राहिली. मात्र १८३२ पासून कडेवर खूण करायचा नियम आला. आधी दिवा होता. १८४१ मध्ये नांगर आला, लगेच पुढच्या वर्षी जहाजाचं तोंड. १८४५ पासून बोट दाखवणारा हात, १८६० पासून मधमाशी, आणि १८८० पासून शिंग. ज्याच्या कडेवर काहीच नाही ते जुनं, म्हणजे खुद्द बादशहांच्या वेळचं असण्याचा संभव. अर्थात खूण कानशीनं घासून टाकणारेही असतातच. माझं शिंगवालं होतं, म्हणजे नेपोलियन मरून निदान एकोणसाठ वर्षं झाल्यानंतरचं.

"म्हणजे खोटं?" मी विचारलं. अकराशे रुपये माझ्या डोळ्यांपुढून चालते झाले, मागं बघत बघत, त्या शिपायासारखे.

"खोटं कसं? टांकसाळ तीच, ठसा तोच. सही-शिक्क्याची प्रत आहे ही."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सत्यप्रत! मूळ गुणपत्रिका तेव्हा कुणी अर्जाला जोडत नसे. झेरॉक्स काढायची, राजपत्रित अधिकाऱ्याकडे जायचं, त्यांचे पान खाऊन होईपर्यंत उभं राहायचं, आणि शिक्का घ्यायचा. माझ्याकडचा नेपोलियन असा रीतसर साक्षांकित होता. मी नोकरीला लागलो तो साक्षांकित प्रतींवरच. त्या चालल्या, तर नेपोलियनची का चालू नये?

हिला मी हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "झेरॉक्सला अकराशे?"

परंतु अशा टोमण्यांनी खरा संग्राहक खचत नसतो. ह्या पदकांची मोठी यादी केली ती कोपनहेगनच्या ब्राम्सेन नावाच्या गृहस्थांनी, १९०४ ते १९१३ ह्या काळात तीन खंडांत. आजही संग्राहक एकमेकांशी 'ब्राम्सेन नंबर अमुक' असंच बोलतात. हे ब्राम्सेन विमा व्यवसायातले. म्हणजे जवळजवळ आमच्यातलेच. दिवसभर दुसऱ्यांचे हप्ते मोजणाऱ्या माणसाला संध्याकाळी आपलं स्वतःचं काहीतरी मोजावंसं वाटतं, हे मला कुणी समजावून सांगायला नको. मीही हळूहळू सात पदकं जमवली. सहा शिंगवाली. सातवं वेगळं, आणि सगळ्यांत स्वस्त.

ते सेंट हेलेनाचं पदक. नेपोलियन १८२१ मध्ये सेंट हेलेना बेटावर कैदेत मेला. मृत्युपत्रात त्यानं आपली खासगी मालमत्ता वीस कोटी फ्रँक धरली आणि त्यातली निम्मी १७९२ ते १८१५ मध्ये लढलेल्या आपल्या अधिकाऱ्यांना आणि शिपायांना लिहून दिली. निम्मी त्या लढायांत उद्ध्वस्त झालेल्या गावांना. मृत्युपत्र झकास होतं. अडचण एवढीच की मालमत्ता त्याच्या ताब्यात नव्हती. गादीवर परत आलेल्या राजघराण्यानं ती केव्हाच गिळलेली होती. पुढं पुतण्या तिसरा नेपोलियन म्हणून बादशहा झाला. त्यानं १८५४ मध्ये काकांच्या मृत्युपत्रापोटी ऐंशी लाख फ्रँक मंजूर केले, आणि १८५७ मध्ये हयात असलेल्या सगळ्या जुन्या शिपायांना एक ब्राँझचं पदक दिलं. सुमारे चार लाख वाटली. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या डबीत. पदकावर नाव कुणाचंच नाही. मजकूर आहे तो असा की कीर्तीतल्या सोबत्यांना त्याचा अखेरचा विचार, ५ मे १८२१.

अमेरिकेत ब्राऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात ह्या म्हाताऱ्यांचे पंधरा फोटो आहेत, १८५८ च्या सुमाराचे. जुना गणवेश पेटीतून काढून, झटकून, अंगात चढवलेला. कुणाचं पोट बटणांत मावत नाही, कुणाच्या अंगावर तो लोंबतोय. आणि छातीवर हे पदक.

हे मी एका रविवारी टेबलावर पदकं मांडून बसलो असताना बाबांना सांगत होतो. बाबा मुंबईत गिरणीत होते, साचेखात्यात. गिरणीच्या सुवर्णमहोत्सवाला त्यांनाही एक पदक मिळालं होतं. सगळ्या कामगारांना दिलं होतं. एका बाजूला पगडीवाले शेठजी, दुसऱ्या बाजूला चिमणी आणि तिच्यामागं उगवता सूर्य. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा मी रांगतही नव्हतो. गिरणीचा भोंगा बाबांसाठी पुन्हा वाजला नाही. हिशेबाचे पैसे यायचे होते, ते यायचेच राहिले. पदक तेवढं ट्रंकेत होतं.

बाबांनी सेंट हेलेनाचं पदक तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिलं. चेहरा झिजलेला होता. कुणीतरी ते रोज पुसलं असावं.

"आणि पैशाचं काय झालं म्हणालास?"

"काही मिळाले. ऐंशी लाख मंजूर झाले, सगळ्यांत मिळून."

"वीस कोटींपैकी?"

"हो."

"किती वर्षांनी?"

"तेहेतीस."

बाबांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. "ब्याऐंशीत तेहेतीस मिळव."

"दोन हजार पंधरा."

"मग उलटून गेलं की रे," बाबा म्हणाले.

ते उठून आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले ते रुमालाची गाठ सोडत. शेठजींना त्यांनी टेबलावर माझ्या बादशहांच्या ओळीत, शेवटी, ठेवलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा उचललं, माझं भिंग घेतलं, पदक आडवं धरलं आणि सावकाश फिरवत सगळी कड पाहिली.

"शिंग नाही," ते म्हणाले. "आपलं अस्सल आहे."

आणि रुमालाला पुन्हा गाठ मारून ते ट्रंकेकडे गेले.